मुदत ठेव मोडून कार्बनची चाकं घेऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नाशिकच्या, वय ३९, बँकेत नोकरी, वजन ५४ किलो. तीन महिन्यांनी गोव्यात त्यांची पहिली हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन शर्यत आहे: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. सायकल अलॉय (धातूच्या) चाकांची, रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेवरच लागणारी. टायर २५ मिलिमीटरचे आणि जाड, 'पंक्चर होत नाहीत' म्हणून घेतलेले. त्र्यंबकच्या रस्त्यावर एकट्या चालवतात तेव्हा सरासरी ताशी २७ पडते. ग्रुपमधल्या बहुतेकांकडे डीप रिमची, म्हणजे उंच कडेची, कार्बन चाकं आहेत आणि 'या चाकांवर गोव्याला जाणार?' असं त्यांना दोन-तीनदा ऐकावं लागलंय. पर्याय तीन. ठेव मोडून सव्वा लाखाची, ५० मिलिमीटर उंच रिमची नवी चाकं घ्यायची, ग्रुपमधल्या एका दादांची ८० मिलिमीटरची जुनी जोडी निम्म्या किमतीत घ्यायची, किंवा आहे त्यावर जायचं. पावसाळ्यात अंजनेरीच्या अलीकडे काटा लागला तेव्हा ट्यूब बदलता आली नाही, नवरा गाडी घेऊन येईपर्यंत रस्त्याकडेला थांबावं लागलं. ती भीती अजून आहे. टायरमध्ये १२० पीएसआय हवा भरतात, 'टणक टायर जास्त पळतो' म्हणून. त्या विचारतात: काय करू?

ताई,

ठेव मोडू नका. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

चांगली डीप रिमची चाकं खरोखर वेळ वाचवतात, त्याबद्दल शंका नाही. पण किती, आणि कुणाचा, हे दुकानात कुणी सांगत नाही. तुम्हाला तिथे सांगितलं गेलं असेल की या चाकांनी वीस वॅट वाचतात. सांगणारा खोटं बोलला असेल असं नाही. असे आकडे बहुधा ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाला मोजलेले असतात. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि तशीच घटते. तुमचा वेग २७. सत्तावीस भागिले पंचेचाळीस म्हणजे ०.६, त्याचा घन ०.२१६. तिथले वीस वॅट तुमच्या वेगाला सव्वाचारच उरतात.

तेवढ्यावरून चाकं निरुपयोगी ठरवणंही चूक होईल. सावकाश चालवणारी व्यक्ती रस्त्यावर जास्त वेळ असते, त्यामुळे थोड्या वॅटचीही मिनिटं होतात. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ६६ किलो धरले, बसण्याची पद्धत साधारण धरली, तर सव्वाचार वॅटमुळे ९० किलोमीटरमध्ये तीन-साडेतीन मिनिटं वाचतील. सव्वा लाखाला साडेतीन मिनिटं. हा सौदा कुणाला पटू शकतो. वयोगटात तिसऱ्या-चौथ्या नंबरसाठी झगडणाऱ्याला तो पटावाही. पहिल्यांदाच शर्यत पूर्ण करायला निघालेल्या आणि त्यासाठी ठेव मोडू पाहणाऱ्या बाईला मी तो सुचवणार नाही.

वजनाचंही तसंच. 'फिरणारं वजन दुप्पट लागतं' हे ग्रुपमध्ये ऐकलं असेलच. ते खरं आहे, पण वेग वाढवतानाच्या क्षणापुरतं. ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवता येत नाही, आयर्नमॅनच्या शर्यतीत पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे सारखं थांबणं आणि उसळणं नसतं, एकाच लयीत तीन तास पायडल मारायचं असतं. एकदा वेग धरला की रिमचे चारशे ग्रॅम म्हणजे ६६ किलोतले चारशे ग्रॅम, चढावर असोत की सपाटीवर.

आता तुमच्या टायरांकडे येते, कारण खरी गळती तिथे आहे.

टायर रस्त्याला टेकतो तिथे तो दबतो आणि पुढे जाताना पुन्हा उघडतो. दबताना त्यात गेलेली सगळी शक्ती परत येत नाही, काही रबरात उष्णता होऊन जाते. रबर जितकं जाड आणि आतलं कापड जितकं कडक, तितकी ही उधळपट्टी मोठी. पंक्चररोधक म्हणून विकले जाणारे टायर नेमके तसे असतात. तुमच्याकडे आहेत तसल्या जाड टायरचा लोळण-रोध (टायर लोळताना होणारा अडथळा, वजनाच्या प्रमाणात) साधारण ०.००६५ धरला आणि चांगल्या रेसिंग टायरचा ०.००४, तर तुमच्या वजनाला, २७ च्या वेगाला, फरक बारा वॅटचा येतो. त्या वेगाला तुम्हाला एकूण लागतात एकशेआठ-दहा वॅट. म्हणजे तुमच्या मेहनतीतला नववा भाग टायरच्या रबरात जिरतोय. तोच हिशेब पुढे नेला तर ९० किलोमीटरमध्ये आठ-नऊ मिनिटं. आकडे रस्त्याप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, पण चाकं आणि टायर यांच्यातला क्रम बदलणार नाही.

म्हणून खर्च करायचाच तर दोन रेसिंग टायर घ्या. कॉन्टिनेंटलचा ग्रँड प्रिक्स ५०००, श्वाल्बेचा प्रो वन, व्हिट्टोरियाचा कोर्सा, यांपैकी जो योग्य मापात मिळेल तो. या तिघांतला फरक तुम्हाला जाणवणार नाही. सोबत हलक्या ट्यूब. लॅटेक्सच्या ट्यूब घातल्या तर जोडीमागे आणखी तीनेक वॅट वाचतात, पण त्यांतली हवा रात्रभरात उतरते, रोज सकाळी भरावी लागते. ज्यांना ती कटकट नको त्यांनी नेहमीची काळी ब्यूटाइल ट्यूब पातळ पाहून घ्यावी. दोन टायर आणि ट्यूब मिळून जो खर्च येईल तो चाकांच्या किमतीच्या जवळपासही जाणार नाही, आणि ठेव जागच्या जागी राहील.

माप घेताना एक तपासा. २८ मिलिमीटरचा टायर मिळाला आणि तुमच्या सायकलला बसला तर २५ पेक्षा तो चांगला. पण रिम ब्रेकच्या जुन्या फ्रेममध्ये ब्रेकच्या कमानीखाली आणि मागच्या दोन दांड्यांच्या मध्ये जागा कमी असते. टायर हवा भरल्यावर लिहिलेल्या मापापेक्षा थोडा रुंदही होतो. चारही बाजूंनी चार मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर खडा अडकून चाक घासतं. दुकानात एकदा बसवून, हवा भरून, फिरवून पाहू द्या असा हट्ट धरा. नाही बसला तर २५ घ्या, मनाला लावून घेऊ नका.

आणि आता ते १२० पीएसआय. टणक टायर पळतो ही समजूत गुळगुळीत ट्रॅकवर किंवा प्रयोगशाळेतल्या लोखंडी ड्रमवर खरी ठरते. आपल्या रस्त्यांवर नाही. खडीचा पृष्ठभाग, ठिगळं, गावाबाहेरचे गतिरोधक यांवर टणक टायर दबत नाही, म्हणून तो सायकलीला आणि तुम्हाला वर उचलतो. दर वेळी तुमचे ५४ किलो किंचित वर जातात, आणि ती शक्ती पुढे जायच्या कामी येत नाही. शिवाय हात, खांदे, कंबर थरथरून दमतात, आणि त्यानंतर तुम्हाला २१ किलोमीटर धावायचंय. १२० हा आकडा कुठून आला माहीत आहे? बहुतेक टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल मर्यादेवरून. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे, आणि नव्वद किलोच्या पुरुषालाही ती लागत नाही. तुमच्या वजनाला २५ च्या टायरमध्ये पुढे ६५, मागे ७० च्या आसपास सुरुवात करा. २८ असेल तर पुढे ५५, मागे ६०. गिरणारेपर्यंत जाऊन या. खड्ड्यात रिम ठणकन आपटत असेल तर तीन-चार पीएसआय वाढवा. पहिल्या दिवशी टायर मऊ वाटेल, सायकल सावकाश चालल्यासारखी वाटेल, कारण थरथर म्हणजे वेग अशी आपल्या शरीराची समजूत झालेली असते. घड्याळाकडे पाहा.

पण ताई, तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चाकांचा प्रश्न वरवरचा आहे. अंजनेरीजवळची ती अर्ध्या तासाची वाट पाहणं मनातून गेलेलं नाही. जाड टायर त्या भीतीपोटी आले. १२० ची हवाही बहुधा तिच्यापोटीच. आणि कार्बनची चाकं घेतली की आपण 'खऱ्या' सायकलिस्ट होऊ, मग असं काही होणार नाही, असंही कुठेतरी वाटत असावं. होणार. बाभळीचा काटा रिमची किंमत विचारत नाही. रेसिंग टायरला पंक्चर थोडं जास्त होण्याची शक्यता आहे हेही मी लपवणार नाही. पण जाड टायर घालून, सगळी शर्यत ओझं ओढून, तरी पंक्चर झालंच आणि ट्यूब बदलता आली नाही, तर शर्यत तिथेच संपते. उलट ट्यूब दहा मिनिटांत बदलता येत असेल तर पंक्चर हा फक्त दहा मिनिटांचा प्रश्न उरतो.

तेव्हा पुढचे तीन रविवार राइडवरून आल्यावर, चहाच्या आधी, अंगणात किंवा पार्किंगमध्ये बसून मागचं चाक काढायचं आणि ट्यूब बदलायची. पुढचं नाही, मागचंच, कारण अवघड तेच आहे. आधी सर्वांत लहान दातऱ्यावर चेन आणा, मग चाक सहज निघतं. टायर काढताना व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा. ट्यूब बाहेर काढली की लगेच नवी घालू नका. टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा, शंका असेल तर फडका फिरवा. आपल्याकडचा काटा टायरमध्येच मोडून बसतो आणि नवी ट्यूब शंभर मीटरवर फोडतो. नव्या ट्यूबमध्ये तोंडाने किंचित हवा भरून तिला गोल आकार द्या, म्हणजे ती मुडपत नाही. टायर बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा वीतभर भाग जात नाही म्हणून बायका हार मानतात आणि पुरुष लिव्हरने (टायर काढायच्या चपट्या पट्टीने) जोर करून नवी ट्यूब चिमटतात. तिथे ताकद लागत नाही. टायरच्या दोन्ही कडा सगळीकडून चिमटीत धरून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या. तेवढ्याने सैलपणा मिळतो आणि तळहाताने रेटलं की कड आत जाते. तुमच्या नव्या टायरवर हा सराव करा, कारण नवा रेसिंग टायर जुन्यापेक्षा घट्ट असतो. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी ते टायर चढवा, दोन लांब राइड करून बसू द्या. एरवीच्या सरावाला जुने जाड टायर ठेवलेत तरी हरकत नाही.

काहीजण म्हणतील, ट्यूबलेस करा, काट्यांची कटकट संपेल. ट्यूबलेसमधलं सीलंट बारीक काट्याचं भोक खरंच बुजवतं, आणि आपल्या भागात तो मोठा गुण आहे. पण त्याला तशा रिम लागतात, सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं लागतं. मोठा चिरा पडला तर शेवटी आत ट्यूबच घालावी लागते, तीही सीलंटने माखलेल्या हातांनी. तीन महिन्यांवर शर्यत असताना तुम्ही नवी पद्धत शिकू नये असं मला वाटतं. ज्यांच्या सायकली डिस्क ब्रेकच्या आणि रिम ट्यूबलेसच्या आहेत, त्यांनी जरूर विचार करावा. त्यांना एक इशारा. हल्ली बऱ्याच कार्बन रिमना टायर अडवणारी आतली कड नसते, त्यांना हुकलेस म्हणतात. तशा रिममध्ये ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते, आणि त्यासाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच टायर घालायचा असतो. १२० भरायची सवय असलेल्याने अशी चाकं घेतली तर प्रसंग जिवावरचा आहे.

दादांच्या ८० मिलिमीटरच्या जोडीला स्पष्ट नाही म्हणा. किंमत निम्मी असली तरी ती तुमची चाकं नाहीत. बाजूच्या वाऱ्यात उंच रिम शिडासारखी वागते, आणि पुढच्या चाकावर आलेला वारा थेट हँडल वळवतो. वाऱ्याचा जोर तुम्हालाही तेवढाच आणि ऐंशी किलोच्या माणसालाही तेवढाच, पण त्याला धरून ठेवायला तुमच्याकडे वजन कमी. वेग कमी असेल तर बाजूचा वारा अधिक तिरका लागतो, तोही तुमच्याच वाट्याला. गोव्याची शर्यत मिरामारच्या किनाऱ्याजवळची, समुद्रावरचा वारा तिथे असणारच. हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत मागचं बंद डिस्क चाकसुद्धा वाऱ्यामुळे चालत नाही, तिथे तर जगातले निवडक लोक असतात. घाबरून हँडल आवळून, वाकून बसणं सोडून, सरळ बसून चालवलं तर चाकांनी वाचवलेलं सगळं जातं आणि वर पदरचंही जातं. दुसरं कारण ब्रेक. कार्बन रिमवर रिम ब्रेक ओल्यात उशिरा धरतो, त्याला वेगळे ब्रेक पॅड लागतात, आणि अलॉयवर वापरलेले पॅड तसेच लावले तर त्यांत रुतलेले धातूचे कण कार्बन खरवडतात. जुन्या चाकांची ब्रेक लागणारी पट्टी किती झिजलीय, कसाऱ्याच्या उतारांवर ती किती तापलीय, हे बाहेरून कळत नाही.

पैसे खर्च करायची खुमखुमी उरलीच तर फिटिंग, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला जुळवून, करून घ्या. सायकलवर हवेचा जो अडथळा होतो त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग चालवणाऱ्याच्या शरीराचा असतो. छाती थोडी खाली, कोपर आत, अंगाला घट्ट कपडे आणि तीन तास त्याच स्थितीत राहता येईल अशी बसण्याची जागा, यातून सव्वाचार वॅटपेक्षा पुष्कळ जास्त मिळतं. हँडलला साधे जोडायचे एरोबार (पुढे वाकून कोपर टेकवायच्या दांड्या) चाकांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. पण ते आत्ता लावा, शेवटच्या आठवड्यात नाही, आणि आधी आडगावच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर सवय करा.

आणखी एक, जे नाशिककरांच्या लक्षात येत नाही. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. त्यामुळे इथे २७ ने जाणारी तुम्ही तिथे तेवढ्याच दमात थोडी मागे राहाल, वर दमटपणा. पहिल्या वीस किलोमीटरमध्ये घड्याळावर २६ दिसलं तर 'चाकंच घ्यायला हवी होती' असं मनात आणू नका आणि वेग ओढू नका.

ग्रुपच्या बोलण्याचं म्हणाल, तर या शहराला सायकलचं वेड लागलंय आणि ते मला मनापासून आवडतं. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका ओलांडणारी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अशा गावात गल्लीगल्लीत चाकांच्या गप्पा होणारच. ग्रुपमधले ताशी ३५-३८ ने जाणारे जे आहेत त्यांनी डीप रिम घेतल्या हे त्यांच्या जागी योग्यच. त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासारख्या वाचकांनीही टायर आधी, मग बसण्याची पद्धत, मग चाकं हाच क्रम ठेवावा. आणि चाकं घेताना रिमची बाहेरची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा निदान पाच टक्के जास्त आहे ना, हे पाहावं. टायर रिमच्या बाहेर फुगलेला असेल तर उंच रिमचा फायदा बराचसा वाया जातो.

गोव्याहून आल्यावरही मन चाकांकडेच ओढत असेल, तर विकत घेण्याआधी कुणाची ४०-५० मिलिमीटरची जोडी महिनाभर मागून चालवून पाहा. मागताना चाकाचा हब (मधला तुंबा) तुमच्या गिअरच्या दातऱ्यांना चालतो का ते विचारा. दहा गिअरचा शिमानोचा सेट अकरा गिअरच्या हबवर चढवायचा तर १.८५ मिलिमीटरची चकती मध्ये लागते, ती नसली तर सेट डुगडुगतो. आणि सोबतची जादा ट्यूब लांब व्हॉल्व्हची घ्या. पन्नासच्या रिममध्ये नेहमीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही, हे रस्त्यात उमगतं तेव्हा पंप हातात असून उपयोग नसतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, ठेवावी लागते. तेव्हा हवा थोडी कमी करून ठेवा आणि सकाळी भरा. उन्हात पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत टायर तापला तर पाचेक पीएसआय आपोआप वाढतात, म्हणून सकाळी दोन-तीन कमीच ठेवा. दोन ट्यूब, लिव्हर आणि छोटा हातपंप सायकलवरच बांधा. हवा भरायची गॅसची नळी वापरायची असेल तर घरी एकदा वापरून पाहा, आणि विमानाने जाणार असाल तर विमान कंपनीला आधी विचारा. उभा पंप मात्र घरचाच न्या, ज्यावर तुम्ही ६५ आणि ७० ठरवलेत तोच. प्रत्येक पंपाचा काटा थोडं वेगळं दाखवतो, आणि पहाटेच्या अंधारात दुसऱ्याच्या पंपाची रांग धरून अंदाजाने भरलेली हवा तुम्हाला ९० किलोमीटर सोबत न्यावी लागते.